पापलेटला राज्यमासा केलंत, त्याच्या पिल्लांचं काय? मत्स्यव्यवसाय विभागाला खुलं पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, मा. आयुक्त आणि विभागातले सगळे अधिकारी यांस,

नमस्कार.

साहेब, मी पालघर जिल्ह्यातल्या एका बंदरातली मासळी विकणारी बाई आहे. घरची बोट आहे, दालद्याची, म्हणजे पापलेटच्या जाळ्यावर चालणारी. सासरे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, आता नवरा आणि दीर जातात, आणि मी आणि माझी जाऊ मासळी घेऊन मार्केटला बसतो. शिक्षण बारावीपर्यंत आहे, सरकारी भाषेत लिहिता येत नाही, जसं बोलते तसं लिहिते. पत्र तुम्हाला आहे पण मासळी खाणाऱ्या सगळ्यांनी वाचावं म्हणून असं उघड लिहितेय.

४ सप्टेंबर २०२३ ला तुम्ही पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केलंत. आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांची ती मागणीच होती, त्यामुळे सगळ्यांना खूप आनंद झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तुम्ही आणखी एक चांगलं काम केलंत, ५४ जातींच्या मासळीसाठी कमीत कमी आकार ठरवलात, की याच्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. सीएमएफआरआय, म्हणजे केंद्र सरकारची सागरी मत्स्य संशोधन संस्था, तिच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास करून दिलेली मापं आहेत ती. त्यापेक्षा लहान मासा म्हणजे त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत असं धरून चालायचं. १३५ मिलिमीटर म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर, पोरांच्या दप्तरातली शाळेची पट्टी असते ना, तिच्यापेक्षाही कमी. फार मोठी अपेक्षा ठेवलेली नाही कुणी.

आणि तरी पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठली की पहिल्या काही आठवड्यांत लिलावाला काय येतं ते तुम्ही एकदा येऊन बघा. क्रेटच्या क्रेट बारकं पापलेट. चार बोटांएवढं. एका किलोत वीस-पंचवीस बसतात. अंगावरचा चांदीसारखा खवला एवढा नाजूक असतो की हातात घेतलं की हाताला लागून येतो, पोट बघायला गेलं तर गाभोळी म्हणजे अंडी कुठली, बोट आत जात नाही एवढंच पोट. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी स्वतः दरवर्षी बघते, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या बायका ते विकतात कारण त्यांनी नाही घेतलं तर दुसरी घेणार. दोन-तीनशे रुपये किलोने जातं. तेच पापलेट अर्ध्या किलोचं झालं असतं तर हजार-दीड हजार किलोने गेलं असतं. आता हिशोब करा. एका किलोतल्या पंचवीस पिल्लांपैकी निम्मी मोठ्या माशांनी खाल्ली, मेली, असं धरलं तरी उरलेल्या बारा पापलेटांचे पाच किलो तरी होतात. म्हणजे आम्ही पाच किलोचे पैसे समुद्रात असताना ते एक किलोत मोडून खातोय, आणि त्या बारा माशांनी जी अंडी घातली असती ती तर हिशोबातच नाहीत.

पापलेट आमच्या भागात किती कमी झालंय हे वेगळं सांगायला नको, सातपाटी बंदरातल्या मच्छीमार सोसायट्यांकडे वर्षानुवर्षाचा हिशोब लिहिलेला आहे, तुमच्याकडेही असेल. आमची बोट पूर्वी तीन-चार दिवसांत परत यायची, आता आठ-आठ दिवस बाहेर राहते, डिझेल बर्फ खलाशांचा पगार सगळं वाढलं आणि मासळी अर्धी पण नाही. मार्केटमध्ये गिऱ्हाईक म्हणतं मावशी केवढं महाग केलंस. मी महाग नाही केलं हो, समुद्रातच नाहीये.

आता माझी गाऱ्हाणी सांगते.

पहिलं म्हणजे हा आकाराचा नियम बंदरात पोचलेलाच नाही. आमच्या जेटीवर ५४ जातींचा बोर्ड नाही, मापाची पट्टी नाही. तरुण पोरांना मोबाइलवर पीडीएफ आला होता, त्यात माशांची शास्त्रीय नावं आणि इंग्रजी नावं, मराठी नावं काही ठिकाणी वेगळीच. एकाच माशाला पालघरला एक नाव, रत्नागिरीला दुसरं, मालवणात तिसरं. आमचं पापलेट तिकडे सरंगा होतं. एवढा साधा घोळ सुटला नाही तर तांडेल काय डोंबल नियम पाळणार? कुणाला पकडलं तर तो म्हणतो मला माहीतच नव्हतं, आणि ते खोटंही नसतं.

दुसरं, तुमची सगळी नजर समुद्रावर, आणि जमिनीवर कुणीच नाही. जानेवारी २०२५ पासून ड्रोन सुरू केलेत, बरं झालं, अनधिकृत बोट कुठे फिरते ते वरून दिसतं. पण ड्रोनला बोटीच्या खणात काय भरलंय ते दिसत नाही. पिल्लं शेवटी येतात कुठे? जेटीवरच. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिलाव होतो, टेम्पोत भरली जातात, बर्फ मारून मुंबईला, गुजरातला जातात. बोटवाल्याला दंड करायचा आणि जो व्यापारी ती बारकी मासळी आगाऊ पैसे देऊन उचलतो त्याला कुणी विचारायचं नाही, हे कसं चालेल. घेणारा आहे म्हणून आणणारा आहे. मी धंद्यातली आहे म्हणून सांगते, व्यापाऱ्याने ज्या दिवशी सांगितलं की बारकं घेणार नाही त्या दिवशी अर्धी पिल्लं समुद्रात वाचतील.

आणि माणसांनी खाल्लं तरी ठीक. ट्रॉलरची, म्हणजे समुद्राच्या तळावरून जाळं ओढत नेणाऱ्या बोटींची, जी बारीकसारीक कचरा मासळी म्हणतात ना, तिच्यात सगळ्या जातींची पिल्लं असतात, बळा, ढोमा, राणीमासा, लेपा, माकुळ, बोटभर बोटभर, चिखलात मळलेली, ती सरळ फिशमीलच्या कारखान्याला जाते. दळून भुकटी करतात, कोंबड्यांना नि तळ्यातल्या कोळंबीला घालतात. किलोला मिळतात किती, तर चिल्लर. गरिबाच्या ताटात स्वस्तात जाणारा मासा होता तो, आणि समुद्रातल्या मोठ्या माशांचाही घास तोच होता. खालचंच दळून टाकलं तर वरचे सुरमई-घोळ काय खाऊन वाढणार?

तिसरं गाऱ्हाणं एलईडी आणि पर्ससीनचं. याच्यावर इतकी आंदोलनं झाली, मालवणपासून इकडेपर्यंत, की मला परत लिहायचाही कंटाळा येतो पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला गोल वेढा घालायचा आणि खालची दोरी ओढली की बटव्याचं तोंड आवळावं तसं जाळं खालून बंद, आत लहान मोठा गाभोळीवाला सगळा थवा. त्यात एलईडी म्हणजे बोटीवर जनरेटर ठेवून समुद्रात दिवसासारखा उजेड पाडायचा, लांबलांबची मासळी उजेडाला जमा होते, मग वेढा. माशाला सुटायला जागाच ठेवायची नाही. पर्ससीनचा अभ्यास करायला नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, त्याच्यावर ५ फेब्रुवारी २०१६ ला तुमच्याच सरकारने आदेश काढला की पर्ससीनचे परवाने ४९४ वरून २६२ वर आणि शेवटी १८२ वर आणायचे, आणि सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच चार महिने पर्ससीन चालेल. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी आणि बुल ट्रॉलिंगवर, म्हणजे दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढण्यावर, बंदी घातली, ती नुसत्या राज्याच्या हद्दीतल्या बारा मैलांत नाही, देशाच्या सगळ्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे दोनशे मैलांपर्यंत. २०२१ मध्ये राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा दुरुस्त केलात, एलईडीला ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड ठेवलात. कायद्याला काहीच कमी नाही. आणि तरी आमची माणसं रात्री बाहेर असतात तेव्हा लांबवर उजेडाच्या रांगा दिसतात म्हणून येऊन सांगतात. विचारलं तर ऐकायला मिळतं की ती बारा सागरी मैलांच्या बाहेर आहेत, ते केंद्राचं, आमच्या हातात नाही. अहो पण ती मासळी उतरते तुमच्याच बंदरात ना? जनरेटर चढतो तुमच्याच जेटीवरून ना? डिझेल पण इथलंच. बारा मैलांच्या बाहेर कुणाची हद्द हा वाद तुम्ही दिल्लीशी घाला, बोट धक्क्याला लागल्यावर तरी हद्द तुमची आहे.

इथे थोडं जुनं सांगते, कारण काही लोक म्हणतात समुद्र मोठा आहे, मासळी संपत नसते, आज नाही तर उद्या येईल. संपते. शिंगाळा घ्या. शिंगाळ्याचा नर मादीने घातलेली अंडी स्वतःच्या तोंडात धरून ठेवतो, पिल्लं निघेपर्यंत, तेवढे दिवस तो खात पण नाही. ८० च्या दशकात मंगळूर-मलपेच्या बाजूला पर्ससीनमध्ये असे तोंडात अंडी घेतलेले शिंगाळे थव्याने सापडले, अंडी डेकवर सांडली, आणि काही वर्षांत ती मासळीच बसली. मुंबईसमोरची चपटी शेवंड पण तशीच. ८० च्या दशकात ट्रॉलरना टनांनी मिळायची, अंडी लागलेल्या माद्या पण सोडल्या नाहीत, आणि १९९४ पर्यंत ती जवळजवळ संपली. ससून डॉकला आयुष्य काढलेल्या जुन्या बायकांना विचारा, त्यांना आठवते ती शेवंड, त्यांच्या सुनांना माहीतच नाही. म्हणजे आपल्या समोर झालंय हे, पुस्तकातलं नाही.

केरळात तारलीचं झालं ते अजून ताजं आहे. २०१२ मध्ये लाखांनी टन तारली निघाली होती तिथे, २०२१ ला फक्त ३,२९७ टन. सगळा दोष जाळ्यांचा नाही, समुद्राचं पाणी तापतंय, पाऊस बदललाय, शास्त्रज्ञ तेही सांगतात आणि मलाही पटतं. पण हवामान आपल्या हातात नाही, जाळं आहे. आणि केरळने तेच धरलं. २०१५ मध्ये त्यांनी आधी १४ जातींचे आकार ठरवले, मग वाढवून ५८ केले, बारकी मासळी आणणाऱ्या बोटी पकडून दंड लावायला लागले, आणि तिकडचा किलिमीन म्हणजे आपला राणीमासा परत वाढायला लागला असं सीएमएफआरआयनेच सांगितलंय. त्यांचे मच्छीमार काय वेगळ्या मातीचे आहेत? त्यांना जमतं मग आपल्याला का नाही?

चौथी गोष्ट आमच्याच लोकांबद्दल आहे, आणि ती लिहिल्यामुळे गावात काही जण माझ्याशी बोलणार नाहीत, पण नुसतं दुसऱ्याकडे बोट दाखवून हे पत्र पुरं होणार नाही. दालद्याची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठी असते, बारकं पापलेट त्यातून निघून जातं. पण डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, तिच्या खोल्याची, म्हणजे मागच्या टोकाची, आस बारीक, कारण तिला जवळा नि बोंबील धरायचा असतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यातच पापलेटची पिल्लं येतात. डोलवाले पण पारंपरिक, पिढ्यान् पिढ्या करतायत, त्यांची पोटं त्याच्यावर आहेत, त्यांना गुन्हेगार म्हणायला माझी जीभ उचलत नाही. कवीवरून, म्हणजे डोल लावायच्या जागांवरून, आधीच आमच्यात भांडणं आहेत, त्यात हे नवं नको. पण मार्ग काढायला लागेल. ज्या आठवड्यांत पिल्लं जास्त असतात तेवढे आठवडे उथळ पाण्यातली डोल बंद ठेवायची आणि त्याचे पैसे सरकारने द्यायचे, नाहीतर खोला बदलायला पैसे द्यायचे, काहीतरी. त्यांच्याशी बसून बोला. आत्तापर्यंत कुणी बसलंय का त्यांच्याबरोबर?

ट्रॉलरच्या खोल्याला ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावायचा नियम आहे, त्याचंही तसंच. ज्यांना कळत नाही त्यांना सांगते, नेहमीच्या जाळ्याची आस तिरकी असते, ओढताना ताण आला की ती मिटते आणि मग मोठी काय नि लहान काय, काहीच बाहेर पडत नाही. चौकोनी आस ओढतानाही उघडी राहते, पिल्लं निघून जातात. साधी गोष्ट आहे. पण नवीन खोला बांधायला खर्च येतो आणि बाजूची बोट जुन्यावरच चाललीय म्हटल्यावर कोण खर्च करणार? आणि तपासणीला येणारच नाही कुणी हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल मच्छीमार नियम पाळत नाहीत. पाळतात. डिसेंबर २०१८ मध्ये तुम्ही योजना आणलीत की जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमासा असं संरक्षित काही अडकलं तर जाळं कापून सोडा, आम्ही २५ हजारांपर्यंत भरपाई देतो. आमच्या लोकांनी स्वतःच्या हाताने जाळी कापली, कासवं सोडली, फोटो काढून पाठवले. हजारो रुपयांचं जाळं कापताना जीव तुटतो माणसाचा, तरी कापलं. कारण त्या नियमात आमचा विचार केलेला होता. बारक्या मासळीचा नियम तसा करा ना मग. एप्रिल २०२५ ला मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिलात, त्याच्या सवलती येतील म्हणताय, तर त्यातली पहिली सवलत नवीन खोल्याला द्या, पिल्लांच्या हंगामात बोट बांधून ठेवणाऱ्याला द्या.

बंदीच्या तारखांचंही एकदा बघा. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. आमचे जुने लोक नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय समुद्रात जात नव्हते, पूर्वी सरकारी बंदीही १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत असायची. आता ऑगस्ट लागला की खवळलेल्या पाण्यात बोटी सोडायच्या आणि सगळ्यात आधी हाती लागतात ती हीच नुकती वाढायला लागलेली पिल्लं. पंधरा दिवस आणखी दिले तर काय बिघडेल? गुजरात आणि गोव्याशी बोलून एकच तारीख करा, नाहीतर आपण बांधून ठेवायचं आणि बाजूवाल्यांनी येऊन न्यायचं, असं व्हायला नको.

वाढवण बंदर, तारापूरच्या केमिकलचं पाणी, ओएनजीसीचे सर्व्हे, हे सगळं पण आमच्या समुद्राच्या मुळावर आहे, पण ते लिहायला घेतलं तर हे पत्र कधीच संपणार नाही, आणि मला आज पिल्लांवरून लक्ष हलू द्यायचं नाहीये.

मला काय हवंय ते आता स्पष्ट लिहिते.

प्रत्येक जेटीवर आणि मासळी बाजारात आकाराचा बोर्ड लावा, माशाच्या चित्रासकट, त्या त्या भागात जे नाव बोलतात त्या नावाने. नावं ठरवायला सोसायटीतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना बोलवा, एका दुपारचं काम आहे.

तपासणी लिलावाच्या वेळी करा आणि दंड व्यापाऱ्यालाही लावा. फिशमीलच्या कारखान्यात काय जातं त्याची नोंद ठेवायला लावा आणि ती तपासा.

एलईडीवाली बोट सापडली तर नुसता दंड भरून दुसऱ्या दिवशी परत समुद्रात, असं नको. जनरेटर आणि दिवे जप्त, त्या बोटीचा डिझेल परतावा बंद. परतावा बंद झाला की लगेच कळतं माणसाला. आणि २०१६ च्या आदेशाप्रमाणे आज पर्ससीनचे परवाने किती उरलेत तो आकडा जाहीर करा.

दर महिन्याला जिल्ह्याजिल्ह्याची यादी लावा, किती बोटी तपासल्या, किती बारकी मासळी पकडली, किती दंड वसूल झाला. नाव नाही टाकलं तरी चालेल, आकडा तरी टाका. आम्हाला कळू दे की काहीतरी होतंय.

चौकोनी आसेच्या खोल्याला अनुदान द्या, डोलवाल्यांबरोबर बैठक घ्या, आणि बंदी १५ ऑगस्टपर्यंत न्या, वाढीव दिवसांचे पैसे खलाशालाही मिळाले पाहिजेत, नुसते बोटमालकाला नाही.

आणि या सगळ्याच्या समित्या कराल तेव्हा त्यात मासळी विकणाऱ्या बायका घ्या. पुरुष मासा धरतात पण तो कुठल्या साइजचा, कुणाला, कितीला गेला हे आम्हालाच माहीत असतं. आम्हाला कुणी कधी विचारत नाही.

मासळी खाणाऱ्यांना पण माझं एक सांगणं आहे. तळहातापेक्षा लहान पापलेट दिसलं तर घेऊ नका. माझ्याकडे दिसलं तरी घेऊ नका. स्वस्त आहे म्हणून घेतलंत तर पुढच्या वर्षी तेही मिळणार नाही.

साहेब, उत्तर लेखी पाठवलंत तर बरं वाटेल, पण त्याच्यापेक्षा मला एक गोष्ट जास्त हवी आहे. बंदी उठल्यावर पहिली बोट लागेल त्या पहाटे तुमचा एक माणूस पट्टी आणि पावतीपुस्तक घेऊन लिलावाच्या जागी उभा असू दे. आमच्या बंदरात लिलाव पहाटे चारला सुरू होतो आणि साडेपाचपर्यंत सगळा माल गाडीत गेलेला असतो, त्यामुळे सहाला येऊन उपयोग नाही.

आपली,
मासळी विकणारी एक कोळीण
जि. पालघर